मोजणारा आवाज

धाकट्याने कागद टेबलावर ठेवला आणि दादाने तो वाचायच्या आधीच "नाही" म्हणून टाकलं.

"अरे, वाच तरी," ताई म्हणाली.

"वाचला तर त्याला वाटेल मी विचार करतोय."

रविवार असल्यामुळे छापखाना बंद होता. वरच्या दोन खोल्यांत सगळ्यांना बसता येईल एवढी जागा नव्हती, म्हणून घरातल्या मोठ्या गोष्टी नेहमी खालीच ठरत. छपाईचे फर्मे बांधायच्या लोखंडी टेबलाभोवती, कुणी स्टुलावर, कुणी कागदाच्या रिमांवर. अण्णांना दवाखान्यात न्यायचं की नाही ते इथेच ठरलं होतं. जुनं यंत्र मोडीत काढण्यावरून तीन वर्षांपूर्वी दोघा भावांची जुंपली तीही इथेच, आणि तेव्हापासून ते एकमेकांशी कामापुरतं बोलत. आज धाकटा आपण होऊन आला होता, तोही इस्त्रीचा सदरा घालून, त्यामुळे काहीतरी घोळ आहे हे ताईने दारातच ओळखलं होतं.

घोळ कवितेचा होता.

अण्णांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, चाळीस वर्षं याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले आणि उभ्या जन्मात एकच कविता लिहिली. या देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीची. दुसरी लिहा म्हणून लोक मागे लागले, तेव्हा "एक जमली, आता कशाला पाहायचं नशीब?" म्हणून त्यांनी वाटेला लावलं. ती एक मात्र अशी गाजली की शाळेच्या पुस्तकात गेली आणि तिथेच राहिली. ताई मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं ती शिकवत होती. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि शहरात निम्म्या बायका अशा होत्या की त्यांना ती कविता ताईच्याच आवाजात आठवे.

आता नगरपालिका ती दगडावर कोरणार होती. जुन्या धक्क्यावर, जिथे समुद्रापलीकडून, पूर्वजांच्या देशातून, ऊसमळ्यांवरच्या मजुरांची पहिली जहाजं लागली तिथे, भिंत उभी राहिली होती. धाकटा नगरपालिकेत नकाशे काढायचा; भिंत त्यानेच आखली होती. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून झालेलं पहिलं काम, ज्याकडे लोक मान वर करून पाहणार होते.

"तिसरं कडवं गाळायचं म्हणतात," धाकटा म्हणाला. "समितीत तसं ठरलंय. बाकी सगळं जसंच्या तसं. घरच्यांची संमती हवी. उद्या दुपारी बैठक आहे, अध्यक्षांच्या हातात पत्र द्यायचंय."

"कवितेतला एक खिळा हलणार नाही," दादा म्हणाला.

"दादा, लोकांना टोचतं ते. साहेबाने छळलं, ठीक. ते सगळ्यांनाच कोरून हवंय. पण आपलाच माणूस आपल्याला मोजत होता, हे दगडावर कशाला?"

"कारण अण्णांनी लिहिलंय म्हणून."

"अण्णा गेले त्याला नऊ वर्षं झाली. मला रोज त्या लोकांत बसायचंय."

"मग उभा राहा!"

वहिनी, दादाची बायको, कोपऱ्यातल्या बाकावर शाळांच्या वह्यांना टाके घालत होती. बांधणीचं सगळं काम तिच्याकडे असायचं आणि रविवारीही तिचे हात स्वस्थ नसत. दाताने दोरा तोडून ती म्हणाली, "ओरडायचं असेल तर दोघेही एका सुरात ओरडा. माझे टाके चुकतात."

ताईला हसू आलं. पण तिने दादाचीच बाजू घेतली. "तिसरं कडवं काढलं तर चौथ्याला अर्थच राहत नाही रे. सोसणं किती खोल होतं ते कळलं, तरच सुटका कळते. मी मुलींना हेच सांगते."

"तुझ्या मुली समितीवर नाहीत ना, ताई," धाकटा म्हणाला.

दादा उठला, खणातून पुठ्ठ्यात जपून ठेवलेला कागद काढून आणला आणि टेबलावर पसरला. अण्णांनी स्वतःच्या हाताने जुळवलेला कवितेचा पहिला छाप. कडा पिवळ्या झाल्या होत्या, पण शाई अजून काळीभोर होती.

"हे बघ. कोरायचं तर हे. एवढंच आणि असंच."

ज्या मातीत मी जन्मलो नाही
तिची शपथ मला का घालतोस?
तुझ्या ओठांवर अजून तिचे पाणी,
माझ्या ओठांवर मळ्यातली राख.

समुद्राने तुला एकदाच ओलांडू दिले.
परतीचा समुद्र कुणी पाहिला?

रोज पहाटे आम्ही मोजले गेलो,
मोजणारा आवाज ओळखीचा होता.
आमच्याच भाषेत आकडे होते,
म्हणून ते पाठीत खोल गेले.

आज झेंडा उतरला, झेंडा चढला.
तू उंबऱ्यावर अजून का उभा?
घर मोकळे आहे, हात मोकळे आहेत.
आत ये, बाबा.

"ताईआत्या," कागदाच्या रिमांवर मांडी घालून बसलेली दादाची लेक म्हणाली, "देशाला ओठ असतात का?"

घरात तिला भिंगरी म्हणत. पंधरा वर्षांची होती, परवा परीक्षा होती आणि मांडीवर गाईड उघडं होतं.

"चेतनगुणोक्ती," ताई सवयीने म्हणाली. "निर्जीव वस्तू सजीव आहे असं कल्पून बोलायचं. कवी आपल्या पूर्वजांच्या देशाशी बोलतोय. तो देश म्हणजे 'तू'. पलीकडचा देश त्याला सारखा बोलावतो, शपथा घालतो. कवी म्हणतो, मी तिथे जन्मलोच नाही. मग इथला छळ येतो, मग स्वातंत्र्य. आणि शेवटी तो देशालाच म्हणतो, आता तूच ये, आमच्या नव्या घरात राहायला ये."

हे ताईने हजारदा सांगितलं असेल. एकदा अण्णा शाळेच्या कार्यक्रमाला आले होते तेव्हा मागच्या बाकावर बसून त्यांनी तास ऐकला होता. तास संपल्यावर ताईने विचारलं होतं, "बरोबर सांगितलं ना?" अण्णा चष्मा पुसत म्हणाले होते, "मुलींना कळलं ना? मग झालं." ते वाक्य ताईने शाबासकी म्हणून जपलं होतं.

"मग हे 'बाबा' कशाला?" भिंगरी म्हणाली.

"ते गाईडमध्ये दिलं असेल."

"दिलंय. 'बाबा या बोलीतील उद्गारातून कवीचा देशाविषयीचा जिव्हाळा दिसून येतो.' दोन गुण. म्हणजे 'जा रे बाबा', 'कंटाळा आला बाबा', त्यातलाच बाबा?"

"त्यातलाच."

"पण आजोबांच्या कागदावर 'ये' च्या पुढे स्वल्पविराम आहे. पुस्तकात नाहीये."

ताई वाकली. खरंच होता. तिला ही कविता पाठ होती, इतकी की या कागदाकडे तिने कधी डोळे उघडून पाहिलंच नव्हतं. पुस्तकात 'आत ये बाबा' एका दमात होतं. इथे मध्ये चांगला ठसठशीत स्वल्पविराम होता.

"छापताना चुकून पडला असेल," धाकटा म्हणाला.

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने देवाला शिवी दिली होती. "अण्णांच्या हातून? त्या वर्षी खिळ्यांची एवढी टंचाई होती की जाहिरातीतली उद्गारचिन्हं काढून बातम्यांत घालायचे. आणि ते एक स्वल्पविराम चुकून टाकतील?"

"मग तो बाबा म्हणजे..." भिंगरी म्हणाली आणि थांबली.

"तो बाबांनाच म्हणाला होता ते," खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुईणआत्याला झोप लागली आहे असं सगळे धरून चालले होते. अण्णांची ही धाकटी बहीण. ब्याऐंशी वर्षांची, कानाने तिखट, पायाने अधू. अर्धं शहर तिच्या हातावर जन्मलं होतं, म्हणून घरातली पोरंटोरंही तिला सुईणआत्या म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाच्या घरी किती वाजता कोण जन्मलं हे तिला तोंडपाठ होतं.

"कोणाच्या बाबांना?" ताईने विचारलं.

"आमच्या. तुझ्या आजोबांना."

"आजोबा तर मळ्यात ऊस तोडता तोडता गेले ना," धाकटा म्हणाला. नगरपालिकेच्या पत्रकात त्यानेच लिहिलं होतं तसं: कवी हे ऊसतोड मजुराचे पुत्र. पत्रकाच्या दोन हजार प्रती याच छापखान्यात छापल्या होत्या.

सुईणआत्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "त्यांनी ऊस कधी तोडला नाही. ते तोडणाऱ्यांना मोजायचे."

वहिनीचे हात पहिल्यांदा थांबले.

"मुकादम होते," सुईणआत्या म्हणाली. "रोज पहाटे रांगेपुढे उभे राहायचे. एक, दोन, तीन. कोणी कमी भरला तर खोपटात जाऊन ओढून आणायचे. तापात असला तरी. हातात चाबूक असायचा. साहेबावर त्यांनी कधी मारायची वेळ आणली नाही, त्याच्या आधी हेच मारायचे."

 बाहेर रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली.

"वाईट माणूस म्हणून सांगत नाही मी," ती पुढे म्हणाली. "मला मांडीवर घेऊन पलीकडच्या गावाच्या गोष्टी सांगायचे. तिथल्या विहिरीचं पाणी गोड, तिथली माती काळी. सात वर्षांचे असताना जहाजातून आलेले, पण बोलायचे असं की कालच निघाले. अण्णा काही उलट बोलला की म्हणायचे, तुला त्या मातीची शपथ. अण्णा सोळाव्या वर्षी घर सोडून इथे शहरात आला, छापखान्यात लागला. मागची एक खोली होती त्याची. आई गेली, तेव्हा मला घेऊन आला. बाबांना म्हणाला, पोरीला तुमच्या हाताखाली वाढवायची नाही."

"मग?" भिंगरी म्हणाली. दादाने तिला हाताने गप्प केलं, पण तोही आत्याकडेच पाहत होता.

"मग स्वातंत्र्य आलं. सकाळीच मिरवणूक निघाली. मी तेरा वर्षांची होते. मळ्यावरचा साहेब दोन दिवस आधीच बोटीने पळाला होता. लोकांनी कचेरी जाळली, हजेरीची पुस्तकं जाळली, आणि मग मुकादमाला शोधायला लागले. बाबा नऊ मैल चालत आमच्या दाराशी आले. दुपारची वेळ. दार वाजलं. मी कडीला हात घातला तर अण्णा म्हणाला, 'थांब. कोण ते विचार.' विचारायला कशाला हवं होतं? बाहेरून आवाज आला, 'बाळ, मी आलोय.' अण्णा जागचा हलला नाही. मला म्हणाला, 'कडी काढायची नाही.'"

सुईणआत्याने पदराने ओठ टिपले.

"गल्लीतून मिरवणूक जात होती. ती जाईपर्यंत बाबा उभे होते. फटीतून त्यांची सावली दिसत होती. मग म्हणाले, 'बरं.' तेवढंच. आणि गेले. धक्क्यावर जाऊन बसले, मालाच्या शेडमध्ये. पलीकडे जाणारी बोट येईल म्हणून. कुठली बोट? त्या दिवसांत कोणी कुठे जात नव्हतं. अकराव्या दिवशी एक हमाल आला, म्हणाला, शेडमधला म्हातारा तापाने गेला, तुमचं नाव घेत होता."

"अण्णांचं?"

"अण्णाचं. चौघांनी उचलून आणलं. दारात आल्यावर अण्णाने बाकीच्यांना थांबवलं. जन्मभर त्यांना अहो-जाहो केलं त्याने. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाला. 'आत ये, बाबा.' मी कडीजवळच उभी होते." तिने खिडकीकडे मान वळवली. "कवितेत तेवढंच खरं आहे. बाकीचं त्याने जुळवलं."

ताई टेबलाला धरून उभी होती. एकतीस वर्षं. एकतीस वर्षांत किती मुली? तिने प्रत्येकीला फळ्यावर लिहून दिलं होतं: तू म्हणजे देश. आणि मागच्या बाकावर बसून अण्णांनी ते ऐकलं होतं, चष्मा पुसला होता. 'मुलींना कळलं ना? मग झालं.' ती शाबासकी नव्हतीच. सुटल्याचा सुस्कारा होता तो.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण वर्गातला नव्हता.

"एकदा सांगितलं असतं तर दर वर्षी सांगावं लागलं असतं, बाळा. तू दर वर्षी ती शिकवतेस."

दादा हळूच उठला. पहिला छाप त्याने पुठ्ठ्यात घातला, पुठ्ठा खणात ठेवला आणि खण बंद केला. मग पाठमोराच म्हणाला, "गाळा ते कडवं."

धाकट्याला क्षणभर कळलंच नाही. "काय?"

"गाळा म्हटलं. नाहीतर कविताच नको म्हणून कळव. या शहरात पाच पिढ्या ऊस तोडणाऱ्यांच्या आहेत. माझ्याकडे शाई लावायला येतात ती पोरं त्यांचीच. त्यांच्यासमोर मी इतकी वर्षं छाती काढून..." वाक्य तसंच राहिलं.

"मी तेच म्हणत होतो," धाकटा घाईने म्हणाला. "बरंच झालं ना, समितीच गाळतेय. कोणाला काही कळायचं कारण नाही. माझ्या खात्यात निम्मे त्याच मळ्यातले आहेत, दादा. उद्या कळलं तर डब्याला कोणी शेजारी बसणार नाही माझ्या."

तीन वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं होतं. एरवी ताईला याचा केवढा आनंद झाला असता.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी उद्या वर्गात काय सांगू? देशाला ओठ असतात म्हणून?"

"परीक्षा होईपर्यंत तरी तेच सांग," भिंगरी पुटपुटली. 

"ताई, तुला सात महिने काढायचेत," धाकटा म्हणाला. "मला अजून आठ वर्षं."

"म्हणजे अण्णांनी जे लिहायला जीव जाळला, ते आपण एका सहीत पुसायचं?"

"अण्णांनी तरी कुठे उघड सांगितलं?" दादा गर्रकन वळला. "स्वल्पविरामात लपवून ठेवलं! त्यांना लपवता येतं, आम्हाला नाही?"

 खरं तर तिलाही अण्णांचा राग येत होता, आणि मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो कुठे ठेवायचा ते कळत नाही.

"मला एक विचारायचंय," वहिनी म्हणाली.

तिने मांडीवरची वही बाजूला ठेवली होती. उठून ती सुईणआत्याच्या खुर्चीपुढे आली आणि खाली जमिनीवरच बसली.

"माझी आजी त्याच मळ्यावर होती. तुम्हाला माहीत आहे."

दादाने मान वर केली. ही गोष्ट त्यालाही माहीत होती, इतकी जुनी की आज या खोलीत ती कुणाला आठवलीच नव्हती. 

"तिच्या पाठीवर वण होते," वहिनी म्हणाली. "आंघोळीला पाठ चोळायला मीच असायचे. बोटांना लागायचे. ती साहेबाला कधी शिव्या दिल्याचं मला आठवत नाही. मुकादमाला द्यायची. रोज. तोंड धुताना, चूल पेटवताना, सुईत दोरा जात नसला तरी. मला वाटायचं, मुकादम म्हणजे एखादा राक्षस असेल गोष्टीतला."

"वहिनी..." ताई म्हणाली.

"थांबा ताई. आत्या, तुम्ही मला या घरात करून आणलंत. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, मी कोणाची नात ते?"

"होतं," सुईणआत्या म्हणाली.

"आणि अण्णांना?"

"त्यालाही. तो म्हणाला, हे लग्न नको, त्या म्हातारीच्या तोंडावर आपण कसं उभं राहायचं? मग मीच गेले तुझ्या आजीकडे. तू माझ्याच हातावर झालेलीस, त्यामुळे दारात तरी घेतलं तिने. मी सगळं सांगितलं. मुलगा मुकादमाचा नातू आहे, म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलंन, 'मुलाच्या हातात काय असतं?' मी म्हटलं, 'शाई.' 'नक्की? दुसरं काही नाही?' 'नखांतसुद्धा शाईच असते,' म्हटलं, 'लग्नाच्या दिवशीही निघायची नाही.' तेव्हा हसली. म्हणाली, 'मग देते. पण पोरीला सांगू नका. तिला नवऱ्याचं तोंड बघू दे, माझी पाठ नको.'"

वहिनीने आत्याच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. रडली असावी, तिची पाठ तेवढी हलत होती. सुईणआत्याचा म्हातारा हात तिच्या केसांवर फिरत राहिला. दादा खणापाशी उभा होता आणि आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. शेवटी त्याने ते पाठीमागे घेतले.

मग वहिनी उठली, पदराने तोंड पुसलं आणि थेट टेबलापाशी आली.

"ते कडवं राहील," ती म्हणाली.

"अगं, पण..." दादा.

"तुम्हा दोघांना काय वाटतं, ते तुमच्या अब्रूचं आहे? 'रोज पहाटे आम्ही मोजले गेलो.' मोजली कोण गेली? माझी आजी गेली. अण्णा नव्हेत, तुम्ही नव्हे. तिच्यासारख्या कुणाला लिहिता येत नव्हतं, म्हणून अण्णांनी लिहिलं. ते तिचं आहे. तुम्हाला ते गाळायचा हक्कच नाही."

ती धाकट्याकडे वळली.

"आणि भाऊजी, तुमच्या शेजारी डब्याला कोणी नाही बसलं तर घरी या जेवायला. दहा मिनिटांचा रस्ता आहे. तीन वर्षं तसेही आला नाहीत."

दादाला अचानक खोकला आला. खोकताखोकता त्याने स्टूल ओढलं, खाली बसला आणि धाकट्याकडे न बघता म्हणाला, "पत्र कोण लिहिणार?"

"ताई," धाकटा म्हणाला. "तिचं अक्षर चांगलंय."

"तुला मान्य आहे का ते आधी सांग," ताई म्हणाली.

धाकट्याने कागद बोटांनी सरळ केला, पुन्हा सरळ केला. "मी घाबरतोय," तो म्हणाला. "पण मान्य आहे."

ताईने लिहिलं. आधी चांगलं भारदस्त लिहिलं, ते दादाने खोडलं. मग साधं लिहिलं: कविता कोरायची तर पूर्ण कोरावी, कवीने छापली होती तशी, विरामचिन्हांसह. पत्रकातली कवीच्या वडिलांविषयीची माहिती चुकीची आहे. ते ऊसतोड मजूर नव्हते, त्याच मळ्यावर मुकादम होते. ही चूक आमच्या घरची आहे. तिघांनी सह्या केल्या. वहिनीची सही लागत नव्हती, तरी तिने केली, आणि सहीपुढे आजीचं नाव लिहून 'हिची नात' असं लिहिलं. सुईणआत्याने अंगठा पुढे केला. दादाने स्वतः शाई लावली.

"दार मी उघडू शकले असते," अंगठा पुसताना ती ताईला हळूच म्हणाली. "हात पोचत होता माझा."

"तुम्ही तेरा वर्षांच्या होतात, आत्या."

"हं. पण हात पोचत होता."

ताईने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. ती नुसती तिच्याशेजारी बसून राहिली, ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वर्गात गेली, तेव्हा तिने नेहमीसारखी हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि चौथ्या-पाचव्या क्रमांकाला ती थांबली. तिने पटावरचे आकडे सोडले आणि एकेका मुलीकडे बघून नावाने हाक मारली. त्यात निम्मा तास गेला. उरलेल्या तासात तिने मुलींना सांगितलं की आपण त्यांना एक कविता चुकीची शिकवली. का चुकली आणि खरं काय, तेही सांगितलं. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी घाबरत उभी राहिली. "बाई, मग पेपरात काय लिहायचं?"

"तुला काय वाटतं?"

"बाबा म्हणजे बाबाच."

"मग तेच लिही. गुण कापले तर माझ्याकडे ये, मी भांडते."

दुपारी ती धाकट्याबरोबर नगरपालिकेत गेली. त्याने बोलावलं नव्हतं, पण ती फाटकाशी उभी दिसल्यावर तो नुसता तिच्या पावलाशी पाऊल जुळवून चालू लागला. बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं, सात-आठ माणसं होती, आणि उघड्या दारातून धाकट्याच्या खात्यातली मंडळी आपापल्या नकाशांवरून माना वर करून पाहत होती. अध्यक्ष बंदरावरचे निवृत्त वाटाडे होते. तीस वर्षं त्यांनी मोठमोठी जहाजं धक्क्याला लावली होती. काळा, थोराड, मोजकं बोलणारा माणूस. त्यांचे आजोबा मळ्यावर होते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांनी पत्र वाचलं. पहिल्यापासून पुन्हा वाचलं. धाकटा टेबलापुढे उभा होता, ताई त्याच्या मागे एका पावलावर.

"हा मुकादम," अध्यक्ष म्हणाले, "तुमचा कोण?"

पत्रात सगळं होतं. धाकट्याला नुसतं पत्राकडे बोट दाखवता आलं असतं, आणि ताईला वाटलं तो तेच करणार. मागे नकाशांच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. धाकट्याचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेत कविता म्हणायला उभा राहिला की व्हायचे तसे.

"आजोबा," तो म्हणाला. एवढ्या मोठ्याने की दारापलीकडे ऐकू गेलं. "माझ्या वडिलांचे वडील. तुमच्या आजोबांना त्यांनीच मोजलं असेल."

अध्यक्षांनी पत्राची घडी घातली नाही. ते उघडंच समोर ठेवलं, चष्मा वर सरकवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.  ताईने नकळत भावाच्या सदऱ्याची बाही धरली होती.

मग त्या थोराड माणसाने पाय लांब करून शेजारची रिकामी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा," तो म्हणाला. "उभ्याने सांगण्यासारखं नाही हे. सगळं पहिल्यापासून सांगा."